गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी: तारीख ठरवण्यापासून अहवालानंतरच्या पावलापर्यंत

"मागच्याच महिन्यात सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल आहे." गर्भाशयमुखाच्या तपासणीचा विषय काढला की हे उत्तर हमखास मिळतं. सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, अंडाशय दिसतात, गाठी दिसतात. गर्भाशयमुखावरच्या पेशींमध्ये होऊ लागलेला बदल त्यात दिसत नाही. रक्त-लघवीच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्येही तो सापडत नाही. त्यासाठी पिशवीच्या तोंडाशी जाऊनच पाहावं लागतं किंवा तिथला नमुना घ्यावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. ज्यांची होते, त्यांच्यातही बऱ्याच जणींची साखळी मध्येच तुटते. नमुना चुकीच्या दिवशी दिला जातो. अहवाल आणायला कुणी जात नाही. 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून घाबरून पुढचं सगळं बंद होतं, किंवा उलट टोकाला जाऊन थेट पिशवीच काढली जाते. नमुना दिला म्हणजे तपासणी झाली, असं धरू नका. अहवाल हातात येऊन पुढचं पाऊल ठरलं की ती झाली.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम पटेल. हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. हा संसर्ग लैंगिक संबंधातून येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या शरीरात तो टिकतो, पेशी बदलू लागतात, आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. या मधल्या काळात काहीही दुखत नाही, काहीही दिसत नाही. तपासणी त्याच काळासाठी आहे. "त्रास नाही, मग कशाला?" असं वाटतं, तीच तिची वेळ.

## १. आधी ठरवा: तपासणी हवी आहे की निदान?

पुढचं सगळं या पायरीवर ठरतं, आणि सर्वांत महागात पडणारी चूकही इथेच होते.

खालीलपैकी काही होत असेल तर शिबिराची वाट पाहू नका, 'पॅप (पेशी खरवडून घेऊन करायची चाचणी) करून बघू' असंही म्हणू नका. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा:

- संबंधानंतर रक्त जाणं
- दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव
- पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं, अगदी एक डाग असला तरी
- अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं

अशा वेळी डॉक्टरांनी स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं साधन, घालून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहायला हवं आणि शंका आली तर तुकडा काढायला हवा. उघड दिसणारी जखम असतानाही पॅपचा अहवाल नॉर्मल येऊ शकतो, कारण नमुन्यात रक्त आणि मेलेल्या पेशीच जास्त येतात. त्या नॉर्मल अहवालाच्या भरवशावर सहा महिने दुखणं अंगावर काढलं, तर ते सहा महिने आजाराला मिळतात.

सावधान: पाळी गेल्यानंतरचं रक्त म्हणजे "पुन्हा पाळी सुरू झाली" नसतं. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण ते तपासूनच ठरवायचं.

यातलं काहीच नसेल तर पुढे चला.

## २. आपली जोखीम पाहा, पण तिच्या जोरावर तपासणी टाळू नका

जोखमीची यादी वाचून "यातलं मला काही लागू नाही" म्हणत घरी बसणाऱ्या बऱ्याच जणी असतात. ही यादी तपासणी कधी सुरू करायची आणि किती वेळा करायची, हे ठरवण्यासाठी असते. आयुष्यात कधीही लैंगिक संबंध आलेल्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करायची आहे. नवरा वारला असला, सोडून गेला असला, दहा वर्षांत संबंध आलेला नसला, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असली, तरीही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहतो. घरात सर्वांत जास्त राहून जातात त्या विधवा आणि एकट्या बायकाच, कारण त्यांना हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही.

जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी:

प्रतिकारशक्ती कमी असणं. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे सहापट असते, आणि १५-२० वर्षांचा प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. त्यांनी पंचविशीपासून सुरुवात करावी आणि दर ३ वर्षांनी तपासावं. एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) औषध घेताना हे स्वतःहून विचारा. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांनीही डॉक्टरांकडून वेगळं वेळापत्रक घ्यावं.

तंबाखू. डॉक्टर "सिगारेट ओढता का?" असं विचारतात, आपण "नाही" म्हणतो आणि विषय संपतो. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे. सकाळी दात घासायला मिश्री, दुपारी चिमूटभर तंबाखू, हे सगळं सांगायचं. विचारलं नाही तरी सांगायचं.

लहान वयात लग्न, लवकर आणि बरीच बाळंतपणं, पाच वर्षांहून जास्त काळ गर्भनिरोधक गोळ्या, आधी झालेले लैंगिक आजार, स्वतःचे किंवा जोडीदाराचे एकाहून अधिक संबंध, याही गोष्टी जोखीम वाढवतात. गोळ्यांबद्दल एक स्पष्ट सांगते: हे वाचून गोळ्या बंद करू नका, तपासणी सुरू करा.

आई किंवा मावशीला हा आजार नव्हता, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. स्तनाच्या कर्करोगाची चर्चा ऐकून अनेक जणी इथेही घराणं शोधतात. इथे मुख्य कारण संसर्ग आहे. स्वच्छतेचंही तसंच. ती हवीच, पण ती तपासणीची जागा घेत नाही, आणि योनीच्या आत साबण किंवा वॉश घालून धुणं ही स्वच्छता नव्हेच.

एचपीव्हीची लस घेतलेली असली तरीही वय झाल्यावर तपासणी करायचीच. लस सर्वांत धोकादायक प्रकारांपासून वाचवते, सगळ्या प्रकारांपासून नाही, आणि आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही.

## ३. चाचणी निवडा

चाचण्या तीन आहेत. नावं पाठ असू द्या, कारण "तपासलं" या एका शब्दात काहीही खपतं. डॉक्टरांनी नुसतं आतून पाहिलं म्हणजे पॅप झाली असं नाही.

व्हीआयए. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के अॅसिटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावतात आणि एक मिनिटाने बघतात. बदललेली जागा पांढरी पडते. निकाल तिथल्या तिथे मिळतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर ५ वर्षांनी हीच चाचणी आहे, आणि ती मोफत आहे.

पॅप. ब्रश किंवा चपट्या काडीने पेशी खरवडून काचेवर किंवा द्रावणाच्या बाटलीत घेतात, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नॉर्मल असेल तर दर ३ वर्षांनी. अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ पंचविशीपासून सुचवतात.

एचपीव्ही चाचणी. नमुना तसाच, पण पेशी पाहण्याऐवजी धोकादायक प्रकारचा विषाणू आहे का ते शोधतात. निगेटिव्ह आली तर ५ वर्षं निवांत. तिशीनंतरच करावी. त्याआधी येणारे-जाणारे संसर्ग एवढे असतात की चाचणी उगाच घाबरवते. पॅपपेक्षा बरीच महाग पडते.

कोणती चांगली? परवडत असेल तर एचपीव्ही. हे मत आपल्याच मातीतल्या पुराव्यावर आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅपने किंवा व्हीआयएने तसा ठळक फरक पडला नाही.

म्हणून व्हीआयए कमी प्रतीची समजून टाळायची का? मुळीच नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले तर व्यवहाराचा धडा मिळतो: व्हीआयएची ताकद पुन्हा पुन्हा करण्यात आहे. आज मोफत व्हीआयए मिळत असेल तर आजच करा, आणि पुढची तारीख आजच लिहून ठेवा. महागडी चाचणी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहून जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सावधान: पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये बदल जिथे सुरू होतात ती जागा गर्भाशयमुखाच्या आत सरकलेली असते. व्हीआयएत ती बहुतेकदा दिसतच नाही. पाळी गेलेली असेल आणि "व्हीआयए निगेटिव्ह" सांगितलं असेल, तर त्यावर समाधान मानू नका. पॅप किंवा एचपीव्ही करून घ्या.

स्वतःच नमुना घेण्याची सोयही आता काही ठिकाणी मिळते. ती फक्त एचपीव्हीसाठी चालते, पॅपसाठी नाही. टेबलावर झोपायच्या संकोचाने वर्षानुवर्षं टाळत आलेल्या बाईसाठी हा चांगला मार्ग आहे. पॉझिटिव्ह आली तर मात्र डॉक्टरांकडे जावंच लागेल, हे आधीच मनाशी ठरवून मगच काडी हातात घ्या.

## ४. कुठे जायचं

गावात सुरुवात आशाताईंपासून करा. तिशीवरच्या व्यक्तींचा जोखमीचा तक्ता त्या भरतात. आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. व्हीआयए तिथे होते की प्राथमिक आरोग्य केंद्रात की ग्रामीण रुग्णालयात, आणि कोणत्या वारी, हे आधी फोन करून विचारा. प्रशिक्षित सिस्टर ठरावीक दिवशीच असतात. मजुरी बुडवून गेलेली बाई हात हलवत परतली, तर ती दुसऱ्यांदा येत नाही.

तालुक्याच्या वर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे स्त्रीरोग विभाग. शहरात महापालिकेची रुग्णालयं. गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

जायच्या आधी विचारा: चाचणी नेमकी कोणती? निकाल किती दिवसांत आणि कोणाकडून? पॉझिटिव्ह आल्यास कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारी तपासणी) इथेच होते की पाठवता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बघू पुढचं पुढे" असं मिळालं, तर दुसरी जागा शोधा.

## ५. तारीख आणि तयारी

पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजून १० ते २० व्या दिवसाच्या मधली तारीख घ्या. रक्त जात असताना नमुना खराब होतो. पाळी गेलेली असेल तर कोणताही दिवस चालेल.

आधीचे ४८ तास:

1. संबंध नकोत.
2. योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम, जेल काहीही नको. इथे सर्वाधिक चुका होतात. अंगावरून पांढरं जातं म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली गोळी रात्री ठेवायची आणि सकाळी पॅपला जायचं, असं केलं की नमुन्यात पेशींऐवजी औषधच जास्त येतं. औषधाचा कोर्स चालू असेल तर तो पूर्ण करा आणि तारीख पुढे घ्या.
3. आतून धुऊ नका. नेहमीची बाहेरून अंघोळ पुरे.

उपाशीपोटी जायची गरज नाही. सोनोग्राफीसारखं पाणी पिऊन लघवी रोखायची नाही, उलट आधी जाऊन यायचं. केस काढायची गरज नाही. तांबी असली तरी चालते, फक्त सांगा. बाळंतपण झालं असेल तर किमान ६, शक्यतो १२ आठवडे जाऊ द्या. दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर ते सर्वांत आधी सांगा.

साडी किंवा घेरदार परकर सोयीचा, तो नुसता वर घेता येतो. सलवार किंवा पँट पूर्ण काढावी लागते आणि तिथेच संकोच दुप्पट होतो. सोबत एक पॅड, जुने अहवाल, शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू औषधांची नावं न्या.

तपासून पाहा: अर्जावर लिहिलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर दिला जातो, लॅबचा फोन कामाच्या वेळी येतो, आणि निरोप घरी पोहोचतच नाही. स्वतःचा नंबर द्या. स्वतःचा फोन नसेल तर ज्या व्यक्तीशी हा विषय बोलता येतो तिचा द्या. सासऱ्यांच्या हातातला फोन असेल तर तो नंबर न दिलेलाच बरा.

## ६. टेबलावर

सगळा प्रकार पाच-दहा मिनिटांचा. पाय दुमडून झोपायचं, डॉक्टर किंवा सिस्टर स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख पाहतात आणि नमुना घेतात. दाब जाणवतो, दुखायला नको. तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिलं, कंबर टेबलाला टेकवून ठेवली, की स्नायू सैल पडतात. दुखलं तर सांगा. "लहान आकाराचं स्पेक्युलम आहे का?" हे विचारायला काहीच हरकत नाही, विशेषतः पाळी गेल्यानंतर कोरडेपणा असेल तर. स्त्री कर्मचारी खोलीत असावी ही मागणी तुमचा हक्क आहे. पडदा ओढलेला नसेल तर ओढायला सांगा.

व्हीआयएत द्रावण लावल्यावर किंचित चुरचुरतं. पॅपनंतर एखाद दिवस थोडा डाग दिसू शकतो.

उठायच्या आधी तपासा: काचपट्टीवर किंवा बाटलीवर तुमचं नाव लिहिलं का? एकाच शिबिरात तीन सुनीता आणि दोन मंगल असतात, त्यामुळे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि वय हवंच. अर्जावर शेवटच्या पाळीची तारीख, पाळी गेलेली असल्यास तसा उल्लेख आणि पूर्वीचे उपचार लिहिले आहेत का? पेशी पाहणाऱ्या डॉक्टरांना या माहितीशिवाय अर्ध्या अंधारात काम करावं लागतं.

## ७. अहवाल घ्या, आणि नीट वाचा

"काही असेल तर ते कळवतील" या वाक्यावर विसंबू नका. सांगितलेल्या दिवसानंतर आठवडाभरात अहवाल हातात नसेल तर स्वतः जा. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तीन वर्षांनी जुना अहवाल घरात सापडत नाही, फोटो सापडतो.

आता कागदावर काय असू शकतं ते.

नमुना अपुरा किंवा असमाधानकारक. हा निगेटिव्ह अहवाल नाही. चाचणी झालीच नाही असा त्याचा अर्थ. २ ते ४ महिन्यांत पुन्हा करायची.

एनआयएलएम. कर्करोग किंवा त्याआधीचे बदल नाहीत. त्याच्यापुढे 'इन्फ्लमेटरी', 'रिअॅक्टिव्ह' किंवा 'अॅट्रॉफिक' लिहिलेलं असतं आणि तिथे घोळ होतो. 'इन्फ्लमेटरी' म्हणजे सूज. कर्करोगाची पहिली पायरी नव्हे. खाज, वास, स्राव असेल तर त्याचा इलाज करा. काहीच त्रास नसताना केवळ या एका शब्दासाठी अँटिबायोटिकचे कोर्स वर कोर्स घेणं आणि दर तीन महिन्यांनी पॅप करत राहणं, याला अर्थ नाही.

एएससी-यूएस. पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण ठरवता येत नाही. एचपीव्ही चाचणी करावी. निगेटिव्ह आली तर नेहमीच्या वेळापत्रकावर परत, पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी.

एलएसआयएल. सौम्य बदल, बहुतेकदा आपोआप जाणारे. तरी साधारणपणे कॉल्पोस्कोपी सुचवतात.

एचएसआयएल किंवा एएससी-एच. इथे वेळ घालवायचा नाही. कॉल्पोस्कोपी लवकर. "दुसऱ्या लॅबमधून पुन्हा पॅप करून खात्री करू" हा सल्ला कुणीही दिला तरी तो चुकीचा आहे. दुसरी पॅप नॉर्मल आली तरी पहिली रद्द होत नाही.

एजीसी. ग्रंथींच्या पेशींत बदल. हा शब्द क्वचित येतो, म्हणून दुर्लक्षिला जातो. कॉल्पोस्कोपी, गर्भाशयमुखाच्या आतला नमुना आणि पस्तिशीवरच्या स्त्रीत पिशवीच्या अस्तराचाही नमुना लागतो.

एचपीव्हीच्या अहवालात प्रकार पाहा. १६ किंवा १८ असेल तर थेट कॉल्पोस्कोपी. हे दोन प्रकार जगभरातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांमागे असतात. इतर धोकादायक प्रकार असतील तर पॅप किंवा व्हीआयए करून पुढचं ठरतं, आणि ती नॉर्मल आली तरी साधारण वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तपासावं लागतं.

व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजेही कर्करोग नव्हे. साध्या जंतुसंसर्गानेही जागा पांढरी दिसू शकते.

आणि घरातलं बोलणं. एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यावर संशयाचं वादळ उठतं. लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक सगळ्यांना हा विषाणू कधी ना कधी भेटतो. तो कधी आला, कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो. नवऱ्यासाठी उपयोगाची अशी नेहमीची चाचणी नाही आणि त्याला औषधही द्यायचं नसतं. डॉक्टरांनी हे दोघांना एकत्र बसवून सांगितलं तर घरातलं निम्मं भांडण दवाखान्यातच मिटतं. तशी विनंती करा.

### मध्येच: "पिशवी काढून टाका" असं सांगितलं तर

पांढरं जातं, कंबर दुखते, 'पिशवीला सूज' आहे, 'पुढे कॅन्सर होईल'. एवढ्यावर गर्भाशय काढायचा सल्ला मिळतो आणि पाळीचीही कटकट गेली म्हणून बायका तयार होतात. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शासकीय पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, तेव्हा यावर राज्यभर चर्चा झाली. सल्ला तसाच मिळत राहतो.

दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. पॅप नुसती 'इन्फ्लमेटरी' असेल किंवा सौम्य बदल असतील, तर शस्त्रक्रियेची गरजच नसते. उलट आत कर्करोग दडलेला असेल आणि न तपासता साध्या पद्धतीने पिशवी काढली, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते आणि पुढचा इलाज अवघड होतो. म्हणून सही करण्याआधी तीन कागद मागा: पॅप किंवा एचपीव्हीचा अहवाल, बदल असल्यास बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा अहवाल, आणि शस्त्रक्रियेचं कारण लेखी. मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पिशवी आधीच काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्डावर गर्भाशयमुखही काढलं का ते पाहा. ते ठेवलेलं असेल तर तपासण्या चालूच राहतात. ते काढलेलं असेल आणि आधी गंभीर बदल नव्हते, तर या तपासणीची गरज नाही.

## ८. कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सी

नाव दुर्बिणीसारखं असल्याने पोटाला छिद्र पाडतात असं वाटतं. कॉल्पोस्कोप बाहेरच राहतो. तो गर्भाशयमुख मोठं करून दाखवतो, एवढंच. तेच द्रावण, कधी आयोडीनही लावतात, आणि संशयास्पद जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. भूल लागत नाही, दाखल व्हावं लागत नाही. आयोडीनची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. नंतर काही दिवस काळपट-तपकिरी स्राव येतो. तो रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचा असतो. पॅड भिजेल इतकं रक्त किंवा ताप आला तर परत जा.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" या समजुतीपायी अनेक जणी इथून माघारी फिरतात. पसरत नाही. तुकड्याशिवाय निदान होत नाही, आणि निदानाशिवाय कुणी प्रामाणिक डॉक्टर मोठा इलाज सुरू करणार नाही.

सीआयएन म्हणजे कर्करोगाआधीचे बदल, १ सौम्य आणि ३ सर्वांत गंभीर. बायोप्सीत सीआयएन १ आलं तर बहुतेकदा लक्ष ठेवतात. सीआयएन २ किंवा ३ आलं तर उपचार. तेही अजून कर्करोग नाहीत. याच टप्प्यावर पकडण्यासाठी आतापर्यंतचा सगळा खटाटोप होता.

## ९. उपचार आणि त्यानंतर

बदललेली जागा लहान आणि पूर्ण दिसणारी असेल तर ती गोठवून (क्रायो) किंवा उष्णता देऊन (थर्मल अॅब्लेशन) नष्ट करतात. काही मिनिटांचं काम. काही सरकारी केंद्रांत व्हीआयए पॉझिटिव्ह आल्यावर त्याच दिवशी हे करतात. जागा मोठी किंवा आत गेलेली असेल तर लीप, म्हणजे तारेच्या कडीने ती पातळ काढून टाकतात. इथे फक्त त्या जागेपुरती भूल असते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. पिशवी जागेवरच राहते, पाळी येते, मूल होऊ शकतं. मोठा भाग काढावा लागल्यास पुढे वेळेआधी बाळंतपणाचा धोका थोडा वाढतो, म्हणून मूल हवं असेल तर आधीच बोला.

नंतरचे ४ आठवडे संबंध नकोत, आत काही ठेवायचं नाही, जड उचलणं टाळायचं. पाण्यासारखा स्राव काही आठवडे जातो, क्रायोनंतर जास्त. शेतावर लगेच कामाला जुंपलं जाणार असेल तर तारीख सुगीनंतरची घ्यावी, पण महिना-दीड महिन्यापेक्षा पुढे नाही.

लीपनंतर काढलेला भाग लॅबला जातो. त्याचा अहवाल वेगळा असतो आणि तो आणायचा राहून जातो. कडा मोकळ्या आहेत की नाहीत, म्हणजे बदललेला भाग पूर्ण निघाला का, हे त्यातच कळतं. पुढची तपासणी ६ ते १२ महिन्यांत, शक्यतो एचपीव्हीने, आणि त्यानंतरही नियमित. उपचार झालेल्या स्त्रीचा धोका अनेक वर्षं इतरांपेक्षा जास्त राहतो, म्हणून तिच्या बाबतीत "आता झालं एकदाचं" म्हणता येत नाही.

बायोप्सीत कर्करोगच निघाला, तर जवळच्या नर्सिंग होममध्ये घाईने शस्त्रक्रिया करून घेऊ नका. आजार कोणत्या टप्प्यात आहे ते आधी ठरतं. सुरुवातीच्या टप्प्यात या कर्करोगासाठीची विशेष शस्त्रक्रिया, पुढच्या टप्प्यात रेडिएशनसोबत केमो आणि आतून दिलं जाणारं रेडिएशन. हे सगळं एका छताखाली मिळेल अशा ठिकाणी जा: परळचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन पैसे भरण्याआधी त्यांना भेटा. आधी स्वतः भरलेले पैसे नंतर परत मिळतील, असं धरून चालू नका.

निघताना पहिल्या लॅबमधून बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो) मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा पाहतात. नुसता कागद नेला तर त्यासाठी परत गावी यावं लागतं, नाहीतर पुन्हा तुकडा काढावा लागतो. लॅब "उद्या या" म्हणाली तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि तिथेच बसून राहा. ब्लॉक काचेसारखे फुटत नाहीत, पण उन्हात वितळतात, तेव्हा एसटीत खिडकीजवळ किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. काचपट्ट्या कडक डबीत, कापसात गुंडाळून, हातातल्या पिशवीत ठेवा.